मेटाडेटाचा फॉर्म खालून वर भरा: भौगोलिक डेटासेटच्या नोंदीची सविस्तर कृती

भौगोलिक डेटासेटची मेटाडेटा नोंद, म्हणजे डेटाविषयीची माहिती, बहुतेक ठिकाणी सगळं काम संपल्यावर, अपलोड करायच्या दिवशी घाईघाईत भरली जाते. फॉर्म वरून खाली भरत गेलं की शीर्षक, गोषवारा आणि कीवर्ड यांतच उत्साह संपतो. ‘डेटा कसा तयार झाला’ हा रकाना येईपर्यंत माणूस कंटाळलेला असतो, मग तिथे ‘सर्वेक्षणातून’ एवढा एकच शब्द पडतो. पाच वर्षांनी ती फाईल उघडणाऱ्याचं शीर्षकावाचून एक वेळ भागेल, कारण लेयर (नकाशावरचा डेटाचा एक थर) उघडली की नकाशावर काय आहे ते दिसतंच. हे बिंदू कुठून आले, कशाने मोजले आणि काय गाळलं हे मात्र कुठेच दिसत नाही. म्हणून इथला क्रम फॉर्मच्या क्रमापेक्षा वेगळा ठेवला आहे. आधी जे फक्त तुमच्या डोक्यात आहे ते लिहायचं, मग जे फाईलमधून काढता येतं ते, आणि शीर्षक-गोषवारा सर्वांत शेवटी.

मानक कोणतं, यावर फार वेळ घालवू नका

आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संघटना, हिचं १९११५ हे या क्षेत्रातलं मुख्य मानक. ते २००३ साली आलं आणि २०१४ मध्ये १९११५-१ या रूपात सुधारलं गेलं. उपग्रह प्रतिमा आणि ग्रिड डेटासाठी १९११५-२ हा वेगळा भाग आहे. एक्सएमएल फाईल नेमकी कशी लिहायची हे आधी १९१३९ सांगत असे, आता १९११५-३ सांगतं. जुने कॅटलॉग (मेटाडेटा नोंदींचे शोधण्याजोगे साठे) अजूनही १९१३९ च मागतात. अमेरिकेतल्या जुन्या डेटासोबत १९९८ चं एफजीडीसी (तिथल्या संघीय भौगोलिक डेटा समितीचं) मानक भेटेल, सर्वसाधारण ओपन डेटा पोर्टलवर डीकॅट, आणि उपग्रह प्रतिमांच्या मोठ्या साठ्यांसाठी स्टॅक.

तुमची नोंद ज्या कॅटलॉगमध्ये जाणार आहे, तो जे मागतो ते मानक तुमचं. कॅटलॉग ठरलेला नसेल तर आयएसओच्या रकान्यांप्रमाणे मजकूर तयार ठेवा. त्यातून डबलिन कोअर या अगदी साध्या मेटाडेटा मानकाच्या मूळ पंधरा घटकांपर्यंत खाली उतरता येतं, पण उलटं वर चढता येत नाही.

पायरी पहिली: डेटा कुठून आला, त्याचं काय केलं

या रकान्याला लिनिएज म्हणतात. अख्ख्या नोंदीत एकाच ठिकाणी जीव ओतायचा असेल तर तो इथे ओता, आणि शक्यतो काम चालू असतानाच. सोबत एक साधी टेक्स्ट फाईल उघडी ठेवून केलेली प्रत्येक प्रक्रिया एका ओळीत टिपत गेलात, तर शेवटी फक्त भाषा नीट करायची उरते.

समजा एका नदीखोऱ्यातल्या निरीक्षण विहिरींची लेयर आहे. वाईट लिनिएज असं असतं: ‘क्षेत्रीय सर्वेक्षणातून संकलित. जीआयएस सॉफ्टवेअरमध्ये प्रक्रिया केली.’ यात खोटं काहीच नाही आणि उपयोगाचंही काही नाही. आता हे वाचा (यातलं डब्ल्यूजीएस ८४ म्हणजे जीपीएसची अक्षांश-रेखांश प्रणाली, यूटीएम म्हणजे निर्देशांक मीटरमध्ये देणारं प्रक्षेपण, आणि क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर):

‘विहिरींची स्थाने मे २०१९ मध्ये हातातल्या जीपीएस यंत्राने नोंदवली, यंत्राने दाखवलेली क्षैतिज अचूकता ३ ते ८ मीटर. ४१२ पैकी ३७ विहिरींपर्यंत पोहोचता आले नाही. त्यांचे बिंदू २०१८ च्या उपग्रह प्रतिमेवरून घेतले असून “स्रोत” या कॉलममध्ये “प्रतिमा” अशी खूण आहे. निर्देशांक डब्ल्यूजीएस ८४ मध्ये घेऊन क्यूजीआयएसमध्ये यूटीएम ४३ उत्तर या प्रक्षेपणात रूपांतरित केले. पाणीपातळी टेपने, कठड्याच्या वरच्या कडेपासून खाली, मीटरमध्ये मोजली. एकमेकांपासून ५ मीटरच्या आत पडलेले बिंदू एकच विहीर मानून एकत्र केले.’

पाच-सहा वाक्यांत किती निर्णय उघड झाले पाहा. ‘कठड्याच्या वरच्या कडेपासून’ हे शब्द नसते, तर जमिनीपासून मोजणाऱ्या दुसऱ्या सर्वेक्षणाशी तुलना करताना प्रत्येक विहिरीत कठड्याच्या उंचीएवढा फरक आला असता आणि कुणाला कारण सापडलं नसतं. जवळजवळच्या विहिरी एकत्र केल्याचं लिहिलं नसतं, तर जोडविहिरी असलेल्या ठिकाणी जाऊन कुणीतरी ‘डेटा चुकला आहे’ म्हणून परत आलं असतं.

लिहिताना स्वतःला विचारायचे प्रश्न असे: मूळ स्रोत कोणता, आणि तो कोणत्या तारखेचा किंवा आवृत्तीचा? कोणत्या यंत्राने, कोणत्या पद्धतीने? कोणती प्रक्रिया, कोणत्या मर्यादांसह? काय काढून टाकलं आणि का? हाताने काय दुरुस्त केलं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहायला लोक लाजतात. हाताने केलेली दुरुस्ती लपवली की पुढचा माणूस तुमची प्रक्रिया पुन्हा चालवतो, त्याचं उत्तर वेगळं येतं आणि चूक शोधण्यात त्याचे दिवस जातात.

जुन्या कागदी नकाशावरून डिजिटायझेशन केलं असेल तर नकाशाचं प्रमाण लिहायलाच हवं. १:५०,००० च्या नकाशावर अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २५ मीटर. स्क्रीनवर कितीही झूम करून रेघ ओढली तरी ती त्याहून अचूक होत नाही. ही संख्या ‘स्थानिक विभेदन’ किंवा ‘समतुल्य प्रमाण’ या रकान्यात जाते. रास्टर, म्हणजे पिक्सेलच्या चौकोनांत साठवलेला डेटा, असेल तर तिथे पिक्सेलचा आकार येतो, उदाहरणार्थ सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांसाठी बँडनुसार १०, २० किंवा ६० मीटर.

पायरी दुसरी: मर्यादा आणि अयोग्य वापर

‘आम्ही कोणतीही हमी देत नाही’ छापाचं कायदेशीर वाक्य टाकून बहुतेक जण मोकळे होतात. ते असू द्या, पण त्याखाली दोन खरी वाक्यं लिहा: या डेटाने काय करू नये. ‘प्रतिमेवरून घेतलेल्या ३७ विहिरींची पाणीपातळी मोजलेली नाही, त्या सरासरीत धरू नयेत.’ ‘सीमारेषा संदर्भापुरत्या आहेत, मालकी हक्क ठरवण्यासाठी नाहीत.’ अशी वाक्यं तुम्हालाच सुचू शकतात, कारण डेटा कुठे कच्चा आहे ते तुम्हाला ठाऊक असतं.

पायरी तिसरी: कॉलमचा शब्दकोश

शेपफाईल या भौगोलिक डेटाच्या जुन्या फाईल-प्रकारात कॉलमचं नाव दहा अक्षरांपलीकडे जात नाही. त्यामुळे ‘डब्ल्यूएल_पीआर_१९’ सारखी नावं जन्माला येतात आणि वर्षभराने ती ठेवणाऱ्यालाही कळत नाहीत. प्रत्येक कॉलमसाठी चार गोष्टी लिहा: पूर्ण अर्थ, एकक, शक्य असलेल्या किंमती, आणि माहिती नसेल तर तिथे काय आहे. ‘डब्ल्यूएल_पीआर_१९: पावसाळ्यापूर्वीची पाणीपातळी, मे २०१९, मीटर, कठड्यापासून खाली, −९९९९ म्हणजे मोजली नाही, ० म्हणजे पाणी कठड्याला लागले होते.’

शून्य आणि ‘माहिती नाही’ यांतला फरक शेपफाईलमध्ये फार जपावा लागतो. तिथे संख्येचा कप्पा रिकामा ठेवला तर तो अनेकदा शून्य होऊन बसतो. रास्टरमध्येही नो-डेटा किंमत, म्हणजे ‘इथे माहिती नाही’ असं सांगणारा आकडा, स्पष्ट लिहा. एसआरटीएम या स्पेस शटलच्या रडार मोहिमेतल्या उंचीच्या डेटात ती परंपरेने −३२७६८ असते. सॉफ्टवेअरने ती ओळखली नाही तर सरासरी काढताना डोंगराचा पाताळ होतो.

कॉलमची अशी तपशीलवार यादी कशी लिहायची हे आयएसओ १९११५ स्वतः सांगत नाही. त्यासाठी १९११० हे वेगळं मानक आहे. ते जमत नसेल तर साधी सीएसव्ही फाईल करून डेटासोबत ठेवा आणि नोंदीत तिची लिंक द्या. कोडच्या याद्यांचंही तसंच: जमीनवापराचे १ ते १४ असे कोड असतील, तर चौदाही अर्थ त्या फाईलमध्ये हवेत.

पायरी चौथी: तारखा

नोंदीतला सर्वाधिक गोंधळ इथे होतो, कारण तारखा निदान तीन प्रकारच्या असतात. एक, डेटात दिसणारी परिस्थिती कोणत्या काळातली आहे. दोन, डेटासेट कधी तयार झाला, प्रकाशित झाला किंवा सुधारला. तीन, मेटाडेटाची नोंद स्वतः कधी लिहिली. तिसरी तारीख सॉफ्टवेअर आपोआप भरतं आणि घाईत तीच पहिलीच्या जागी चिकटवली जाते.

एसआरटीएम हे चांगलं उदाहरण. स्पेस शटलने फेब्रुवारी २००० मध्ये अकरा दिवसांच्या मोहिमेत हे मोजमाप केलं. एका आर्क-सेकंदाचा, म्हणजे साधारण ३० मीटरचा जागतिक डेटा २०१४ पासून खुला होऊ लागला. तो आज डाउनलोड करून उतार काढला आणि नोंदीत फक्त आजची तारीख टाकली, तर वाचणारा समजेल की नवा बंधारा, नवी खाण, नवा भराव सगळं यात आहे. इथे काळाच्या व्याप्तीत फेब्रुवारी २०००, निर्मितीच्या तारखेत आजचा दिवस, आणि लिनिएजमध्ये मूळ डेटाची आवृत्ती यायला हवी.

लिहिण्याची पद्धत आयएसओ ८६०१ ची, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२१-०४-०३. ‘०३/०४/२०२१’ हा कुणासाठी ३ एप्रिल असतो आणि कुणासाठी ४ मार्च. फक्त वर्ष माहीत असेल तर फक्त वर्ष लिहा. १ जानेवारी अशी बनावट तारीख घालू नका.

अद्ययावत करण्याची वारंवारता विचारणारा रकानाही इथलाच. यादीत दररोज, मासिक, वार्षिक, गरजेनुसार, नियोजित नाही असे पर्याय असतात. प्रकल्प संपला असेल तर ‘नियोजित नाही’ निवडा, त्यात कमीपणा नाही. ‘वार्षिक’ लिहून चार वर्षं हात न लावलेली नोंद त्याहून वाईट.

पायरी पाचवी: जागा आणि निर्देशांक, हे सॉफ्टवेअरकडून घ्या

इथे हाताने टाइप करू नका. क्यूजीआयएसमध्ये लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये मेटाडेटाचा विभाग आहे. तिथे निर्देशांक प्रणाली आणि व्याप्ती दोन्ही थेट लेयरवरून उचलायची बटणं आहेत. ती दाबा आणि आलेल्या संख्या डोळ्यांनी तपासा.

तपासायचं काय? आयएसओच्या नोंदीत व्याप्तीची चौकट, म्हणजे सगळा डेटा सामावणारा आयत, पश्चिम, पूर्व, दक्षिण, उत्तर अशा चार संख्यांत आणि दशांश अंशांत असते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला आणि मूळ रेखावृत्ताच्या पश्चिमेला उणे चिन्ह. सहा-सात आकडी संख्या दिसली तर यूटीएमचे मीटर तिथे शिरले आहेत. कुणी हाताने भरलं असेल तर १८ अंश ३० मिनिटांचं ‘१८.३०’ केलेलं असू शकतं. खरं उत्तर १८.५ आहे आणि चूक वीस किलोमीटरहून मोठी. अक्षांश-रेखांश उलटे पडले असतील तर दर वेळी पकडले जात नाहीत, कारण दोन्ही संख्या ९० च्या आत असल्या की सॉफ्टवेअरला त्यात काही वावगं वाटत नाही. चौकट नकाशावर काढून पाहिली की लगेच कळतं.

चौकट अर्ध्या जगाएवढी आली, तर डेटात एखादा बिंदू शून्य अक्षांश-शून्य रेखांशावर, म्हणजे गिनीच्या आखातात पडलेला असतो. जीपीएसला उपग्रह न सापडता नोंद झाली, किंवा तक्त्यातला रिकामा कप्पा शून्य झाला, की हे होतं. मेटाडेटा भरताना डेटातली चूक सापडण्याचा हा नेहमीचा प्रसंग. तिथे आकडा दुरुस्त करून पुढे जाऊ नका, परत डेटाकडे जा. १८० अंशांची रेषा ओलांडणारा डेटा असेल तर मात्र पश्चिमेची संख्या पूर्वेपेक्षा मोठी असणं बरोबर आहे.

निर्देशांक प्रणालीसाठी ईपीएसजी कोड, म्हणजे प्रत्येक प्रणालीला दिलेला प्रमाणित क्रमांक, द्या. डब्ल्यूजीएस ८४ च्या अक्षांश-रेखांशांसाठी ४३२६, वेब नकाशांच्या प्रक्षेपणासाठी ३८५७. डब्ल्यूजीएस ८४ वरच्या यूटीएमसाठी उत्तर गोलार्धात ३२६ आणि पुढे विभागाचा दोन आकडी क्रमांक, दक्षिणेत ३२७ आणि क्रमांक. नुसतं ‘यूटीएम’ लिहून काही कळत नाही. लेयरला प्रणाली ‘नेमून देणं’ आणि डेटा त्या प्रणालीत ‘रूपांतरित करणं’ ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात निर्देशांकांचे आकडे जसेच्या तसे राहतात, फक्त पाटी बदलते. तुम्ही यांतलं काय केलं ते लिनिएजमध्ये असू द्या.

उंची असेल तर तिचा आधारही लागतो. एसआरटीएमची उंची ईजीएम ९६ या जिऑइडवर (साधारण समुद्रसपाटीच्या पृष्ठभागावर) आहे, तर जीपीएस मुळात लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची, उंची मोजतो. या दोहोंतला फरक पृथ्वीवर काही ठिकाणी शंभर मीटरच्या घरात जातो. नोंदीत नुसतं ‘उंची, मीटर’ असेल तर कोणती, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही.

पायरी सहावी: हक्क, परवाना, संपर्क

परवान्याचा रकाना रिकामा ठेवला म्हणजे डेटा खुला झाला असं होत नाही. परवानगी लिहिलेली नसेल तर सावध माणूस तो वापरणारच नाही. प्रमाणित परवाना निवडा आणि त्याचं पूर्ण नाव आवृत्तीसह लिहून लिंक द्या. श्रेय देऊन वापरू द्यायचा असेल तर सीसी बाय ४.०, सगळे हक्क सोडायचे असतील तर सीसी झीरो. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशातून काही उचललं असेल तर त्याचा ओडीबीएल परवाना तुमच्या डेटालाही लागू होऊ शकतो, तेव्हा आधी तो वाचा. ‘फक्त शैक्षणिक वापरासाठी’ अशी घरगुती वाक्यं टाळा. शिकवणी वर्ग शैक्षणिक की व्यावसायिक, यावर मग ईमेल सुरू होतात.

आयएसओमध्ये प्रवेशावरची बंधनं आणि वापरावरची बंधनं यांचे रकाने वेगळे आहेत. डेटा मिळणार कुणाला हे एकात, मिळाल्यावर त्याने काय करायचं हे दुसऱ्यात. दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्यांसारखा संवेदनशील डेटा असेल, तर निर्देशांक मुद्दाम ढोबळ केल्याचं आणि किती ढोबळ केल्याचं नोंदीत लिहा. त्याच वेळी नोंदीची चौकट आणि सोबतचं छोटं चित्रही तपासा. डेटा झाकला पण चित्रात ठिकाण स्पष्ट दिसतंय, हे वाटतं त्याहून सहज घडतं.

संपर्कात व्यक्तीपेक्षा विभागाचा ईमेल बरा, कारण माणसं बदली होऊन किंवा नोकरी सोडून जातात. भूमिका नीट निवडा: ज्याने डेटा तयार केला तो, जो आज सांभाळतो तो, आणि जो वितरित करतो तो हे तिघे वेगळे असू शकतात. मेटाडेटाचा संपर्क आणि डेटाचा संपर्क हेही दोन स्वतंत्र रकाने आहेत.

पायरी सातवी: आता शीर्षक, गोषवारा, कीवर्ड

एवढं लिहून झाल्यावर शीर्षक जवळजवळ आपोआप सुचतं. त्यात काय, कुठे आणि कधी या तिघांची उत्तरं हवीत. ‘विहिरी_फायनल_२’ ऐवजी ‘अमुक नदीखोऱ्यातील निरीक्षण विहिरी: स्थाने व पावसाळ्यापूर्वीची पाणीपातळी, २०१९’. फाईलचं नाव, प्रकल्पाचं लघुरूप, ‘नवीन’ किंवा ‘अंतिम’ हे शब्द शीर्षकात नकोत.

गोषवाऱ्याचं पहिलं वाक्य डेटासेटबद्दल असावं, संस्थेबद्दल नाही. शोधाच्या यादीत बरेचदा सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, आणि त्या संस्थेच्या स्थापनेत गेल्या तर वाचणारा पुढच्या निकालाकडे जातो. आधी काय आहे, किती आहे, कोणत्या भागाचं आणि काळाचं. मग कशासाठी गोळा केलं. शेवटी सर्वांत मोठी मर्यादा एका वाक्यात. शंभर-दीडशे शब्द पुरे.

कीवर्ड शक्यतो प्रमाणित शब्दसूचीतून घ्या: शेतीसाठी ॲग्रोवॉक, पर्यावरणासाठी जेमेट, पृथ्वीविज्ञानासाठी नासाची जीसीएमडी. विषयाचे आणि ठिकाणांचे शब्द वेगवेगळ्या गटांत ठेवा आणि सूचीचं नावही नोंदवा. शीर्षकातले शब्द पुन्हा कीवर्डमध्ये घालून फारसा फायदा नसतो. लोक ज्या दुसऱ्या नावाने शोधतील, ते घाला. विषयवर्गाचा रकाना वेगळा आहे. त्यात ठरलेल्या यादीतूनच निवडायचं असतं. विहिरींसाठी ‘अंतर्देशीय जल’ पुरेसं, मोह झाला तरी सात वर्ग निवडू नका.

नोंद मराठीत लिहीत असाल तर भाषेच्या रकान्यात मराठीचा तीन अक्षरी कोड, एम-ए-आर, द्या आणि अक्षरसंच यूटीएफ-८ ठेवा. शीर्षक आणि गोषवारा इंग्रजीतही दिला तर शोधात सापडण्याची शक्यता वाढते. आयएसओच्या रचनेत एकाच रकान्याला अनेक भाषांतला मजकूर देता येतो. शेपफाईलच्या कॉलममध्ये देवनागरी मजकूर असेल तर सोबतची, अक्षरसंच सांगणारी सीपीजी फाईल आहे ना ते पाहा. ती हरवली की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात.

पायरी आठवी: ओळख क्रमांक, साठवण, तपासणी

प्रत्येक नोंदीला यूयूआयडी सारखा एकमेव ओळख क्रमांक असतो. जुनी एक्सएमएल नोंद कॉपी करून नवी बनवताना तो बदलायला विसरलं, तर कॅटलॉगमध्ये चढवताना नवी नोंद जुनीवर बसून तिला पुसू शकते. उलट, आहे त्याच नोंदीत दुरुस्ती करताना क्रमांक तोच ठेवा, नाहीतर एकाच डेटासेटच्या दोन नोंदी फिरत राहतात. पाचशे टाइल्सचा, म्हणजे एका मोठ्या डेटाच्या चौकोनी तुकड्यांचा, डेटा असेल तर पाचशे गोषवारे लिहीत बसू नका. मालिकेची एक सविस्तर पालक नोंद करा. टाइल्सच्या नोंदींत तिचा क्रमांक द्या आणि बदलणारे रकाने, म्हणजे चौकट, तारीख, फाईलची लिंक, स्क्रिप्टने भरा.

साठवताना मेटाडेटा डेटासोबत राहील असं पाहा. क्यूजीआयएस ती क्यूएमडी फाईलमध्ये लेयरच्या शेजारी ठेवू शकतं, जिओपॅकेज या फाईल-प्रकारात ती आतच बसते, आणि शेपफाईलसोबत बऱ्याचदा त्याच नावाची एक्सएमएल फाईल असते. झिप करताना ही शेजारची फाईल मागे राहते, तेव्हा झिप पुन्हा उघडून पाहा.

वैधता तपासणी दोन प्रकारची. यंत्राची तपासणी सक्तीचे रकाने भरलेत का, तारखेचा साचा बरोबर आहे का, एवढंच पाहते. जिओनेटवर्कसारखं कॅटलॉगचं साधन ती बारकाईने करतं, क्यूजीआयएस जुजबी. लिनिएजमध्ये ‘माहिती उपलब्ध’ असं लिहिलं तरी यंत्र हिरवी खूण देईल. म्हणून दुसरी तपासणी माणसाकडून करून घ्या. डेटा न पाहिलेल्या सहकाऱ्याला फक्त नोंद द्या आणि तीन गोष्टी विचारा: हा डेटा कोणत्या काळातला आहे, एखादा बिंदू जमिनीवर किती मीटर इकडेतिकडे असू शकतो, आणि अहवालात वापरायचा तर श्रेय कसं द्यायचं. उत्तर द्यायला तो जिथे अडखळेल, तो रकाना पुन्हा लिहा.

प्रकाशित केल्यावर दुसऱ्या संगणकावरून, लॉगिन न करता, डाउनलोडची लिंक एकदा उघडून बघा. कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कचा पत्ता नोंदीत राहून गेला असेल तर तो तिथेच कळतो.